पोतदारांची पेटी

तात्या पोतदार कल्याण स्टेशनात तिकिटे देत, आणि नाणे वाजवून घेतल्याशिवाय त्यांच्या खिडकीवर कोणालाही तिकीट मिळत नसे. नाणे दगडावर टाकायचे, डोळे मिटायचे, आवाज पुरता विरेपर्यंत थांबायचे, मग तिकीट. समोर गाडी उभी असली तरी यात फरक पडत नसे. नाशकाला निघालेले एक वकील एकदा फार चिडले. "अहो, गाडी सुटेल." तात्या म्हणाले, "सुटेल. दुसरी साडेचारला आहे." वकील साडेचारच्या गाडीने गेले.

मी त्याच स्टेशनात तारेच्या कामावर होतो. दुपारची भाकरी आम्ही एकाच बाकावर बसून खात असू, म्हणून मला त्यांची हकिकत ठाऊक. त्यांचे घराणे पोतदारीचे. पूर्वी प्रत्येक टांकसाळीचा रुपया निराळा असे. खजिन्यात भरणा आला की त्यातला खरा कोणता आणि बद्द कोणता, हे पोतदाराने सांगायचे. तात्यांचे वडील कल्याणच्या खजिन्यावर होते. पुढे सरकारने आपला एकच रुपया सगळीकडे चालू केला आणि जुने वितळवून टाकले. तात्यांच्या हातात विद्या आली तोवर धंदा गेला होता. याबद्दल ते कुरकुरत नसत. एवढेच म्हणत, "राणीच्या रुपयात ऐकण्यासारखं काही नाही हो. सगळे एकच बोलतात."

माझ्या लग्नात त्यांनी आहेराची नाणी मांडवातच वाजवून पाहिली. एक बद्द निघाले. ते त्यांनी माझ्या सासऱ्यांपुढे ठेवले आणि "हे कोणाचं ते मी विचारत नाही," म्हणाले. ते माझ्या मेहुण्याच्या सासऱ्यांचे होते हे सगळ्या मांडवाला माहीत होते. तात्या नंतर जिलबी खायला बसले. आपण काही बिघडवले असे त्यांच्या मनातही आले नाही.

तात्यांचे वडील वारले तेव्हा त्यांनी मागे एक पेटी ठेवली. सागवानी, बसक्या घडणीची, आत लाकडी फळ्या, आणि फळ्यांत नाण्याच्या मापाच्या खोलगट वाट्या कोरलेल्या. प्रत्येक जातीची नाणी दोन-दोन. डावीकडे खरे, उजवीकडे खोटे. चांदवडी, अंकुशी, सुरती आणि मला नावेही न आठवणारी कितीतरी. प्रत्येक जोडीखाली मोडीत लिहिलेली चिठ्ठी. शिकणाऱ्याने दोन्ही ऐकायची, म्हणजे कान तयार होतो. वडिलांचे अखेरचे शब्द होते, "पेटी दोघांची." दोघे म्हणजे तात्या आणि त्यांची थोरली बहीण आक्का.

आक्का ठाण्याला, तलावाजवळ, सासरी राहत होती. नवव्या वर्षी लग्न झाले, अकराव्या वर्षी नवरा गेला, आणि तेव्हापासून ती दिराच्या घरचा स्वयंपाक करत होती. कायद्याने तिला पेटीतले काही मिळत नव्हते. तात्यांना कायद्याशी कर्तव्य नव्हते. "वडील दोघांची म्हणाले, म्हणजे दोघांची. प्रश्न एवढाच, की अर्धी कशी करायची?"

या प्रश्नात आठ महिने गेले. कल्याणचा एक सोनार चांदी वितळवून समान वाटून द्यायला तयार होता. तात्यांनी त्याच्या आळीतून जाणेच सोडले. ठाण्याच्या कचेरीतला एक गोरा साहेब जुनी नाणी जमवत असे. त्याने खरी नाणी चांगल्या किमतीला मागितली, खोटी नको म्हणाला. "मग ती खरी आहेत हे त्याला कळणार कशावरून?" तात्या मला विचारत. तात्यांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. पेटी सांभाळायला पुढे कोणी नव्हते, आणि ती मोडवत नव्हती.

शेवटी त्यांनी ठरवले, की प्रत्येक जोडी आक्काच्या घरच्यांसमोर वाजवून दाखवायची, कोणत्या नाण्याची किंमत काय ते सांगायचे, आणि मग वाटणी करायची. साक्षीदार म्हणून त्यांनी मला नेले. एका रविवारी सकाळी आम्ही पेटी घेऊन ठाण्याला उतरलो. ओसरीवर दीर बसले, तात्यांनी दगड मांडला. आक्का आत स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तिचा वाटा ठरत होता, पण तिला बाहेर बोलवावे असे दिरांना सुचले नाही. तात्यांनाही नाही आणि मलाही नाही.

चांदवडीची जोडी आली. तात्यांनी डावीकडचा रुपया टाकला. "हा खरा," ते म्हणाले.

आतून आवाज आला, "बाळ, तो परत वाजव."

स्टेशनातल्या हमालापासून स्टेशनमास्तरापर्यंत सगळे ज्यांना तात्या म्हणत, त्यांनी मुकाट्याने रुपया परत टाकला.

"बद्द आहे," आक्का म्हणाली.

"आक्का, हा वडिलांनी निवडलेला नमुना आहे."

"असू दे. बद्द आहे."

दीर हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी खिशातून बारीक कानस काढली (ती त्यांच्याजवळ नेहमी असे) आणि रुपयाच्या कडेला दोनदा ओढली. चांदीच्या पत्र्याखाली तांबे होते. तात्यांनी पेटी उचलली आणि ओसरी ओलांडून सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. मीही मागोमाग दारापर्यंत गेलो.

"तुला नाणी कोणी शिकवली?"

"कोणी नाही. तुला बाहेर शिकवायचे, मी आत केर काढत असे. नाणी मी कधी पाहिली नाहीत. ऐकली आहेत."

"आणि हा तेव्हापासूनच..."

"तेव्हापासूनच. याला तू बद्द म्हणायचास म्हणूनच तुझ्या बोटांवर छडी बसायची. तुझं बरोबर असायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला विचारलं कोणी?" तिने सूप बाजूला ठेवले. आवाजात राग नव्हता. दिवसभरात काय काय रांधले ते सांगावे तसे ती बोलत होती.

चांदवडी रुपयाच्या बाबतीत थोरले पोतदार फार कडक, अशी त्यांची ख्याती होती. कित्येकांचे रुपये त्यांनी बद्द म्हणून परत केले होते. तात्यांना त्या वेळी ते आठवले असणार. मग म्हणाले, "आक्का, या पेटीचं काय करावं असं तुला वाटतं?" आठ महिन्यांत हा प्रश्न त्यांनी सोनाराला, साहेबाला आणि मला केला होता.

"विकून टाक," ती लगेच म्हणाली. "मुंबईच्या एका इस्पितळात बायकांना सुईणीचं काम शिकवतात. दोन वर्षं. राहायचा, जेवायचा खर्च आपला. मला जायचंय."

ओसरीवरून दीर म्हणाले, "या वयात? चाळिशी आली."

"म्हणून घाई आहे," आक्का म्हणाली.

दुसऱ्याच आठवड्यात तात्या साहेबाकडे गेले. जाण्याआधी त्यांनी चांदवडीच्या जोडीखाली नवी चिठ्ठी घातली. ती मी वाचली आहे. "वडिलांच्या मते खरा. आक्काच्या मते खोटा. आक्काचे बरोबर." ही चिठ्ठी त्यांनी साहेबाला स्वतः वाचून दाखवली. साहेब म्हणाला, तुम्ही सांगितले नसते तर मला कळलेही नसते. तात्या म्हणाले, "तेच तर." साहेबाने थोडा विचार केला आणि खरी-खोटी सगळी पेटी, चिठ्ठ्यांसकट, आहे तशी घेतली. पैसे तात्यांनी सगळेच्या सगळे आक्काला दिले. तुमचा अर्धा वाटा, असे मी म्हणून पाहिले. ते म्हणाले, "माझी छडी वसूल झाली."

आक्का दोन वर्षांनी सर्टिफिकेट घेऊन आली ती दिराकडे गेली नाही. कल्याणात तात्यांच्या घरी उतरली आणि तिथेच राहिली. आधी गाव कुजबुजले. मग एकेका घरी बाई अडली आणि कुजबुज थांबली. माझी दोन्ही मुले तिच्याच हातची. थोरल्याच्या वेळी तात्या माझ्या सोबतीला पडवीत येऊन बसले होते. मी येरझाऱ्या घालत होतो. "तुम्ही खाली बसा," ते म्हणाले. "आत आक्का आहे." एवढे बोलून ते स्वस्थ झोपी गेले.

प्लेगच्या साली गाव रिकामे करून गावाबाहेर झोपड्या घातल्या. तात्यांना तिसऱ्या आठवड्यात ताप आला, काखेत गाठ आली. डॉक्टर झोपडीत आले की तात्या बोटाने आक्काकडे दाखवत, म्हणजे काय ते हिला सांगा. माझ्याशी ते एकदाच बोलले. "गाड्या वेळेवर आहेत ना?" मी हो म्हणालो. गाड्या त्या दिवसांत मुळीच वेळेवर नव्हत्या.

चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. आक्काने त्यांचे डोळे मिटले, अंगावरचे धोतर नीट केले. तेवढ्यात पलीकडच्या झोपडीतली एक आगरीण दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या सुनेला कळा लागल्या होत्या आणि मूल आडवे होते. आक्काने तिच्याकडे पाहिले, मग तात्यांकडे पाहिले. औषधाच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले.

"तुम्ही याला घेऊन जा," ती मला म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नका."

आम्ही चौघांनी त्यांना खाडीकाठी नेले. परत यायला दुपार उलटली. आक्का त्या आगरणीच्या दारात बसून पदराला हात पुसत होती.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत."

मग ती रडली.