पुसेगावचा ठिपक्यांचा मूग

परभणीला रेल्वेतून उतरून आम्ही हिंगोलीची एसटी धरली. सुनंदा बोलत होती आणि मी खिडकीतून मुगाची शेतं पाहत होते. श्रावण सरत आला होता. जवळजवळ प्रत्येक शेतावर केवडा (पानं पिवळी पाडणारा विषाणूचा रोग) पडलेला. लांबून एखादं फुलांचं पीक वाटावं, इतकं ते पिवळेपण देखणं होतं.

सुनंदा आणि मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. पुसेगावला तिची मावशी, गयाबाई. नागपंचमीला सुनंदा तिच्याकडे गेली होती, तेव्हा बांधालगतच्या दोन ओळी तिला वेगळ्या दिसल्या. भोवतीचा मूग पिवळा पडत होता. या ओळी हिरव्याच होत्या, फक्त पानांवर बारीक तपकिरी ठिपके होते. त्यातलं एक पान ती पर्समध्ये घालून घेऊन आली. त्या पानानं आम्हाला या प्रवासाला काढलं. गावातल्या दुकानात फोन करून तिनं निरोप ठेवला होता, ‘मूग बघायला येतोय.’

हिंगोलीहून पुसेगावला दुसरी गाडी. पाऊस नुकताच पडून गेलेला. फाट्यावर उतरताच काळ्या चिखलात माझी चप्पल रुतली आणि ओढताना तिचा अंगठा तुटला. गयाबाई समोरूनच आल्या. सडसडीत, हसऱ्या. माझ्या पायाकडे पाहून त्यांनी आपली चप्पल काढून पुढे सरकवली.

“घाला बाई. मला काटे वळखतेत.”

घरी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी झाली. माझं मन शेतात होतं, तरी दोन भाकऱ्या कशा गेल्या कळलं नाही.

मग शेतात गेलो. सुनंदा पुढे झाली आणि बांधाशी एकदम थांबली. तिथं मोकळी माती होती.

“मावशी, इथल्या ओळी?”

“उपटल्या की,” गयाबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. “तुमी येऊन राहिल्या म्हणलं, पाव्हण्या बाईला रोगाट झाडं काहून (कशाला) दाखवावी? परवाच साफ केलं.”

“टाकली कुठं?”

“शेळ्यायला.”

आम्ही तिघी गोठ्याकडे जवळजवळ पळालो. गव्हाणीत देठं उरली होती, काही चुरगळलेली पानं आणि मोजक्या चपट्या शेंगा. शेंगा दाबून पाहिल्या. आत दाणा भरलाच नव्हता. सुनंदा तिथंच खाली बसली.

“काय झालं गं लेकरा? चुकलं का माझं?”

काही नाही म्हणावं असं फार वाटलं. पण घरात जुनं बी शिल्लक असेल तर ते विचारायला हवं होतं आणि विचारायचं तर कारण सांगायला हवं होतं.

“मावशी, विषाणू पानात शिरला आणि झाडानं त्याला ओळखलं, की झाड तेवढ्या जागेच्या आपल्याच पेशी मारून टाकतं. मेलेल्या जागेत त्याला वाढता येत नाही. तोच तो ठिपका. मग बाकीच्या पानांना इशारा जातो आणि तिथली झोपलेली जनुकं जागी होतात, झाड सावध होतं. ज्याला हे जमत नाही, ते पिवळं पडत जातं.”

त्यांनी गव्हाणीतलं एक पान उचलून ठिपक्यावर बोट ठेवलं.

“म्हंजे ते मरून राहिलं नव्हतं?”

“नव्हतं.”

“आन् मीच उपटलं.”

त्या ओळींचं बी घरात नव्हतं. औंढ्याच्या धान्यबाजारातून आणलेलं, पेरून उरलेलं वरणात गेलेलं. निघताना त्यांनी चप्पल परत घेतली नाही. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “मला कोणी सांगितलं असतं तर.” सुनंदानं त्यांना मिठी मारली. तिला स्वतःलाच हे सांगता आलं असतं, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

परतताना औंढा नागनाथला उतरलो. देवळाबाहेर बेल-फुलांच्या दुकानांपुढे यात्रेकरूंची गर्दी होती. आम्ही तिला वळसा घालून गयाबाईंनी सांगितलेल्या धान्याच्या दुकानात गेलो. दुकानदार करीमभाई वयस्कर, मऊ बोलणारे. त्यांनी आम्हाला पोत्यांवर बसवलं, चहा मागवला.

“पुसेगावच्या गयाबाई? व्हय, दर साली येतात. पण मॅडम, दहा गावचा मूग एका पोत्यात पडतो. त्यातला ह्यो कुणाचा, कसं सांगू? तुमाला एवढी तकलीफ झाली आन् मी बराबर सांगू शकत न्हाई.”

त्यांच्याकडचा शेर-दोन शेर मूग आम्ही घेतला. नंतर तो कुंड्यांत पेरला, पांढऱ्या माशीकरवी त्यावर विषाणू सोडला. सगळा पिवळा पडला. गव्हाणीतल्या शेंगांतून निघालेले सुरकुतलेले दाणे ओल्या फडक्यात ठेवले, ते कुजले. तिथली पानं वाळवून ठेवली. त्यांवर काही काम झालं, पण वाळल्या पानाचं झाड होत नाही.

पुढच्या पावसाळ्यात गयाबाईंचा फोन आला. औंढ्याचंच बी पेरलं होतं. एक ठिपका दिसतो का, म्हणून त्या रोज बांधावर जाऊन पानं उलटून पाहत होत्या.

“न्हाई दिसला बाई. समदं पिवळं झालं. तरी उपटलं न्हाई मी काहीच.”

उपटा, नाहीतर पांढरी माशी रोग शेजारी नेईल, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्या “बरं” म्हणाल्या.