मासळीबाजारातली मनी

पनवेलच्या खाडीत गलबतं लागायची तेव्हा मासळीबाजारात एक कोळीण बसायची. तिच्या टोपलीमागे पोत्यावर तीन-चार आजारी मांजरं पसरलेली असत. त्यांच्यासाठी ती घरं शोधायची, आणि लग्न जमवणारे जे लपवतात तेच ती आधी सांगायची. "याला दमा हाय. बरा व्हायचा नाय. जमंल?" कोणी औषध सुचवलं की फणकारायची, "बरं करनारा नको मना, सांभालनारा हवा!"

एकदा वकिलीणबाईंनी पांढरी मनी मागितली. मनीचं तोंड कायम आलेलं, तिला काही चावता येत नसे. कोळणीने बाईंना पापलेट विकलं, मनी दिली नाही. दुसऱ्या दिवशी ती सरळ माझ्या पिशवीत कोंबली.

"अगं, मी कधी मागितली?"

"हिला रोज कालवून भरवावं लागतंय. दात गेलेल्या बापासाठी सहा वर्सं बिनकाट्याचा तुकडा निवडून नेता तुमी. कदी कुरकुर नाय ऐकली."

घरी भरवताना मी बाबांवर किती खेकसायचो, ते तिला बाजारात कुठून ऐकू येणार? मी पिशवी उचलली. त्या दुपारी दोन वाट्या कालवल्या, आणि पहिल्यांदाच तोंडातून शब्द काढला नाही.