मधलं कोनं खाल्लं?

वर्ग करताना मधलं पद विसरणं हा खुनाच्या खालोखालचा गुन्हा आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता, आणि माझं नशीब असं की तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. हे शेजारचे काका म्हणजे विणकरांच्या घराण्यातले, बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि संध्याकाळी धरून-बांधून गणित शिकवण्याचा त्यांना भारी शौक. बारावीत मी त्यांच्या तावडीत सापडले. (३ + २i) चा वर्ग करायचा म्हटलं, की तीनचा वर्ग नऊ, i चा वर्ग उणे एक म्हणून २i चा वर्ग उणे चार, उत्तर पाच, असं लिहून मी मोकळी. काका वही बघायचे आणि गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसतील असे ओरडायचे, "काहून वं, मधलं कोनं खाल्लं?" मधलं म्हणजे १२i, दोघांचा गुणाकार, तोही दोनदा.

मग खांद्यावरचा चौकड्यांचा पंचा फरशीवर पसरला जायचा. तो त्यांच्या वडिलांनी हातमागावर विणलेला. "हे पाह्य. उभा लाल अन् पांढरा, आडवा लाल अन् पांढरा. लालावर लाल, एक खाना. पांढऱ्यावर पांढरा, एक खाना. तो i चा, त्याले उणे धरजो. अन् हे दोन गुलाबी खाने काय आभायातून पडले?"

हा माणूस जेवतानाही सुधारायचा नाही. एकदा टपरीवाल्यानं पोहे एका प्लेटीत आणि तर्री वाटीत वेगळी आणली, तर काका त्याला म्हणाले, "पोहे आले, तर्री आली. दोघाईचं मिळून जे होते, ते कुठं हाय गा?" बिचारा भांबावून आणखी एक वाटी घेऊन आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी मुलानं त्यांना पुण्याला नेलं. जाताना पंचा माझ्या हातात देऊन म्हणाले, "इसरली तं पाहून घेजो." मी आता चांगली पस्तिशीची, बँकेत नोकरी करते, मला कसला आलाय वर्ग! पण त्यांच्या ओरडण्यावाचून संध्याकाळ सुनी वाटायची. म्हणून दर रविवारी मी मुद्दाम मधलं पद गाळून गणित सोडवायची आणि फोटो पाठवायची. पाच मिनिटांत काकांचा फोन, "काहून वं?" मग मधल्या पदावरून निघून गल्लीतल्या कुत्र्यांपर्यंत सगळ्यांची चौकशी.

मग फोन उशिरा यायला लागला. कुत्र्यांची नावं चुकायला लागली. मुलगा म्हणाला, "बाबा हल्ली विसरतात."

गेल्या रविवारी मी तेच जुनं गणित पाठवलं. नऊ वजा चार, पाच. फोन आलाच नाही. संध्याकाळी दोन शब्द आले, "बरोबर. शाब्बास."

आयुष्यात पहिल्यांदा काकांनी मला पैकीच्या पैकी दिले, आणि मी पंचा तोंडाला लावून हमसून हमसून रडले.

आज पूर्ण उत्तर पाठवलंय. १२i खाली दोन रेघा मारल्यात, शेजारी पंच्याचा फोटो जोडलाय, गुलाबी खाने नीट दिसतील असा. फोन समोरच ठेवलाय. काका, काहीतरी चूक काढा ना.