डांबरी कौलं आणि माझा सुटलेला चहा

मी एकदा नवस बोलले आणि आठ-नऊ महिने चहाला मुकले. किस्से पापडांसारखे असतात बघा. एक उचलावा तर खालचे चार चिकटून येतात!

२००७ च्या आसपास आम्ही दोह्याला, बिन महमूदमध्ये राहायचो. अल दुहैलच्या एका कंपाउंडमधल्या बंगल्यांना उतरती छपरं होती, वर डांबरी कौलं, म्हणजे एकीवर एक ठोकलेल्या डांबराच्या पट्ट्या. त्यांवर सोलर पॅनेलचे पाय बसवायचं काम ह्यांच्या टीमकडे आलं. अट अशी, की आधी एकच बंगला करायचा. पावसात तो गळला नाही, तर बाकीचे सगळे ह्यांचे. गळला, तर खलास!

मी देवापुढे हात जोडले. "गणराया, पाऊस पडून छप्पर कोरडं राहिलेलं बघेपर्यंत चहा सोडला."

हे कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, एप्रिल चाललाय! हे काय तुझं चिपळूण आहे? इथे पाऊस आता थेट डिसेंबरात. तोही इन्शाल्ला!"

*

पहिलं भोक पाडण्याआधी छपरावर नारळ फोडायचा, हा माझा हट्ट. फोरमन युसूफभाई रत्नागिरीचे, त्यांनीच तो जपून वर नेला. पण उतारावर हातातून निसटला आणि गडगडत थेट त्या बंगल्यात राहणाऱ्या मार्था मॅडमच्या स्विमिंग पूलमध्ये!

युसूफभाई शांतपणे म्हणाले, "वैनींना सांगा, नारळ समुद्राला दिला!"

*

स्क्रू कौलाखालच्या वाशातच बसला पाहिजे. वासा कुठे आहे, ते वरून ठोकून आवाजावरून ओळखायचं. युसूफभाईंनी टकटक केलं, की खालून मार्था मॅडमचा आवाज, "कम इन!"

तिसऱ्यांदा युसूफभाई वरून ओरडले, "नो डोअर, मॅडम!"

*

उन्हं चढली की डांबर मऊ पडायचं. हे जरा टेकले आणि पँट चिकटली! बायका कॉलरचे डाग काढतात, मी रॉकेल घेऊन बैठकीचे काढत होते.

पण काम बाकी चोख हं! एका रात्री जेवताना ह्यांनी मला दाखवलंच. पोळ्या कौलांसारख्या एकीवर एक रचल्या, स्क्रूच्या भोकापाशी पाणी अडवायला कौलाखाली पत्रा घालतात, तसं वरच्या पोळीखाली उलथणं सरकवलं आणि वरून आमटी ओतली. खाली थेंब नाही!

"बघितलंस?"

"बघितलं. आता जेवायला काय, उलथणं?"

*

डिसेंबरात एका सकाळी आभाळ भरून आलं. आम्ही गाडी काढून धावलो. मार्था मॅडमच्या हॉलमध्ये कंपाउंडचा मॅनेजर, हे, मी आणि मागून भिजत आलेले युसूफभाई, सगळे माना वर करून उभे. बाहेर पाऊस नुसता कोसळतोय. माझे ओठ हलताहेत.

टप्!

गालिच्यावर थेंब. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मॅनेजर खाली वाकला.

टप्!

युसूफभाईंनी डोक्यावरची टोपी काढून पिळली. "वैनी, छप्पर सुकं आहे. मीच गळतोय!"

मॅनेजर इतका हसला, की डोळे पुसत म्हणाला, "यल्ला, चला, बाकीचे बंगले कधी सुरू करताय?"

मार्था मॅडमनी चहा आणला. दूध नाही, साखर नाही. गणरायाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून प्यायले. अमृत हो, अमृत!

तुमचंही कुणी असं उंचावर चढून काम करत असेल, तर त्याच्यासाठी एखादी आवडती गोष्ट सोडून बघा. फक्त तिथे पाऊस कधी पडतो, ते आधी विचारून घ्या!