पाटाबाहेरचा लॅपटॉप

"ह्यो लॅपटॉप कुणाचा?" सरांच्या आईंनी विचारलं.

"माझा," मी म्हणाले.

खंडेनवमी होती. आमचं ऑफिस मंगळवार पेठेत, सरांच्या घराच्याच दुसऱ्या मजल्यावर. पाटावर सात लॅपटॉप ओळीनं मांडलेले, त्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. आठवा माझ्या हातात. सरांच्या आई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"तू गल्ली झाडती तिची पोरगी न्हवं? तोंडवळा त्योच हाय की."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

"मग तिकडं ठेव. दाराजवळ."

दाराजवळ चपला होत्या. सर, म्हणजे कंपनीचे मालक, उदबत्ती लावत होते. त्यांनी ऐकलं आणि काडी पुन्हा ओढली. बाकीच्या सातजणांनी मोबाइलमध्ये तोंडं घातली. आणि मी? मी लॅपटॉप नेऊन चपलांजवळ ठेवला. माझ्याच हातानं. आजही त्याचीच जास्त लाज वाटते. लॅपटॉप तरी माझा कुठं होता? कंपनीचाच होता. मी वापरत होते, एवढाच त्याचा गुन्हा.

वर्षभर मी ह्याच घटकेला भीत होते. आम्ही उचगावात राहतो. आई कंत्राटदाराकडं झाडलोटीला, आणि तिच्या वाट्याला नेमकी हीच गल्ली. गल्लीत एकमेकींना ओळख द्यायची नाही, असं आमचं ठरलेलं. आईनंच ठरवलं होतं. मी दिसले की ती पदर तोंडावर ओढायची, मी मोबाइल कानाला लावून पुढं जायचे. पलीकडं कुणीही नसायचं. ऑफिसात मी आडनावही लावत नव्हते. नुसतं नाव आणि बापाच्या नावाचं पहिलं अक्षर.

माझं काम क्लाउडवर मशीन उभं करायचं. हे मशीन हाताला लागत नाही. लांब कुठंतरी मोठमोठे संगणक असतात, त्यांतला तुकडा मागून घ्यायचा. मेमरी किती, डिस्क किती ते सांगायचं, बटण दाबायचं, की दोन मिनिटांत नवा संगणक चालू. त्याला ना अंग, ना जात. पण तो उभा करणारीला आहे, हे त्या दिवशी पक्कं कळलं.

आरती झाली आणि सरांचा फोन वाजला. आमच्याकडं एका दूध संघाचं काम होतं, त्यांचं मशीन बंद पडलेलं. साडेचार वाजून गेले होते. पाचला गावोगाव लोक दूध घालायला येतात, आणि काट्यावरचं वजन, फॅट सगळं त्याच मशीनवर जातं.

"घ्या रे एखादा लॅपटॉप," सर म्हणाले.

"हात लावायचा न्हाय!" सरांच्या आई कडाडल्या. "पूजा झालीया. दसऱ्यापतूर हलवायचं न्हाय."

सरांनी पाटाकडं पाहिलं, आईंकडं पाहिलं. त्यांच्यापुढं सरांचं काही चालत नसे. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू चपलांकडं वळल्या. पूजा न झालेला लॅपटॉप एकच होता.

"घे गं," सर म्हणाले. "बस तिथंच."

मी चपलांजवळ फरशीवर बसले. लॅपटॉप उघडला. बंद मशीनची आदल्या दिवशीची प्रत, म्हणजे बॅकअप, शोधून तिच्यावरनं नवं मशीन उभं करायचं होतं. चुकीची प्रत उचलली तर हजारो घरांचा हिशोब बिघडणार. मग म्हणणार, झाडूवालीच्या पोरीनं वाटोळं केलं. प्रतीची तारीख मी तीनदा वाचली. मेमरीचा आकडा भरला. डिस्कचा आकडा भरला. शेवटचा रकाना आला: मशीन तयार करणाऱ्याचं नाव.

ऑफिसची रीत अशी की, मशीन कुणीही उभं करो, तिथं सरांचं नाव घालायचं. ह्या नावांची यादी गिऱ्हाइकाला दिसते. बोटांनी सवयीनं सरांची दोन अक्षरं टाइप केलीसुद्धा. मी थांबले. शेजारी कुणाची तरी चिखलानं भरलेली चप्पल होती. मी ती दोन अक्षरं खोडली. माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. बटण दाबलं.

ती दोन मिनिटं सरता सरेनात. मग हिरवा ठिपका आला, मशीन चालू. पाचला संघाचा फोन: वजनं यायला लागली.

सर वाकून बघत होते. हळूच म्हणाले, "ते नाव काढ. माझं घाल, नेहमीसारखं."

"न्हाय काढणार, सर." मी म्हणाले.

"दसऱ्यानंतर यायचं हाय न्हवं कामाला?"

"यायचं हाय. तरी न्हाय काढणार."

सरांच्या आई करंडा घेऊन आल्या. "आण त्यो इकडं. लावते चिमूटभर कुंकू त्यालाबी."

"राहू द्या," मी म्हणाले. "त्याचं काम झालंय."

मी लॅपटॉप मिटला आणि खाली उतरले. जिन्यात कठडा सोडला नाही. शूरबीर काही नव्हते मी.

दसऱ्याची सुट्टी संपली. नोकरी आहे की गेली, कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी गल्लीत आले तर सर गाडी लावत होते, त्यांच्या आई पायरीवर उभ्या. पुढं माझी आई झाडत होती. तिनं मला पाहिलं आणि पदर तोंडावर ओढला. माझा हात मोबाइलकडं गेला. मी तो खिशातच राहू दिला आणि गल्ली ऐकेल असं ओरडले, "आये!"

आई दचकली. इकडंतिकडं बघत पुटपुटली, "गप की गं, नोकरी जाईल."

जाऊ दे. गेली तरी मी ह्याच गल्लीतनं जाईन, रोज, आईला हाक मारत.