लंकाबाई ओ देत नाहीत

आमच्या सासूबाईंना त्यांचा सख्खा मुलगा नावाने हाक मारतो. ‘लंकाबाई, पाणी दे.’ ‘लंकाबाई, माझा मोबाईल बघितला का?’ लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, काय उद्धट माणूस पदरात पडलाय. पण सगळं गाव त्यावर नुसतं हसायचं आणि लंकाबाईही हसायच्या. मग मीही हसायला लागले. चूक झाली ती.

मुलगा म्हणजे आमचे हे, वाल्मिक. हे लहान असताना आत्याबाई, म्हणजे सासूबाईच, मी त्यांना आत्याबाई म्हणते, दसरा झाला की ऊसतोडीला जायच्या त्या उन्हाळ्यातच परत यायच्या. पोराला सांभाळायची आजी, छबूबाई. पोराने तिलाच आई म्हटलं आणि जन्मदात्या आईला आजी जशी हाक मारायची तशीच मारली. ते आजतागायत.

यंदा आत्याबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्या पहिल्यांदाच घरी राहिल्या. आमची अडीच वर्षांची सृष्टी त्यांच्याजवळ ठेवून मी आणि हे सहा महिने कारखान्याला गेलो. पोर त्यांना ‘आई’ म्हणायला लागलीय हे मी फोनवर ऐकलं होतं. तेव्हाही हसलेच. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी गावात टेम्पोतून उतरले, हात पसरले, तर पोर आत्याबाईंच्या लुगड्याआड गेली आणि म्हणाली, “आई, रोहिनी आली.”

रोहिणी म्हणजे मी. टेम्पोतल्या बाया खो खो हसल्या. या वेळी मला हसू आलं नाही. सहा महिने उसाच्या पाचटात बसून मी त्या एका हाकेची वाट बघितली होती आणि ती दुसरीच्या पदरात पडली होती.

आत्याबाईही हसल्या नाहीत. त्यांनी लुगडं सोडवून घेतलं आणि त्या दिवसापासून ‘आई’ या हाकेला ओ द्यायचंच बंद केलं.

आखितीच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं एका मोटारसायकलवर शेवगावच्या बाजाराला गेलो. आमच्याकडे आखितीला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याचं मडकं भरून पुजतात, पुरुषासाठीच्या मडक्याला करा म्हणतात आणि बाईसाठीच्या मडक्याला केळी. आत्याबाईंनी कुंभारणीची दहा मडकी बोटाच्या पेराने वाजवून बघितली.

“मावशी, मडकं घ्यायचंय का जावई बघायचाय?” कुंभारीण म्हणाली.

“जावई गळला तरी चालतो, मडकं न्हाई चालत,” आत्याबाई म्हणाल्या. आणि अकरावं वाजवलं.

पुढे हरभऱ्याची डाळ घेतली, गूळ चाखून घेतला, शेवटी आंबे. पितरांना दाखवल्याशिवाय आमच्यात आंबा तोंडाला लावत नाहीत, पण हे पोरीला कोण सांगणार? “आई, आंबा,” तिने आत्याबाईंचा पदर ओढला. आत्याबाई आंब्याचं देठ हुंगत बसल्या. “आई, आंबा. आई.”

“अवो आजी, पोर कवाची हाका मारतीय,” आंबेवाला म्हणाला.

“मला न्हाई. तिच्या आईला मारतीय,” असं म्हणून त्यांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

पोरीने माझ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. मी उचलायला गेले तर अंग ताठ केलं. मग माझंही डोकं फिरलं. “कशाला छळता लेकराला?” मी भर बाजारात बोलले. “म्हणू द्या तुम्हाला आई. येईल सरळ वर्षभरात.” त्यांनी आंबे पिशवीत भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते, त्या पुरण वाटत होत्या. मधेच म्हणाल्या, “वर्सभरात म्हनलीस काल. मी बी तेच म्हनले हुते. वाल्मिक पैल्यांदा लंकाबाई म्हनला तवा सासूबाई हसल्या, मी बी हसले. म्हनलं, पुढच्या वर्साला येईल सरळ. पुढच्या वर्साला परत कारखाना. असं करता करता त्याला मिशा फुटल्या. आता मिशावाल्या पोराला कसं सांगायचं, बाबा, मला आई म्हन? लाज वाटती.”

तव्यावरची पोळी फाटली.

“मला सवय हाय,” त्या म्हणाल्या. “तुला नगं लागाया.”

दुपारी ह्यांनी छबूबाईच्या नावाची केळी भरली, पुढे पुरणपोळी आणि आंब्याचा रस ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, “आई, जेवाय ये.” आत्याबाई शेजारीच हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघवेना मला. ह्यांना काही पत्ताच नव्हता. माणूस वाईट नाही, पण कळायला पाहिजे ना.

जेवायला बसलो. सृष्टीची वाटी संपली. “आई, अजून रस.”

आत्याबाई अर्ध्या ताटावरून उठल्या. “म्हशीला पानी दावायचं ऱ्हायलं,” म्हणून बाहेर गेल्या. म्हशीला मी मघाशीच पाणी पाजलं होतं. भरल्या ताटावरून उठलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पोरीने दाराकडे तोंड करून दोनदा हाक मारली. ओ आली नाही. रसाचं पातेलं माझ्यापुढे होतं. मी पळी धरून बसले. पोरीने पातेल्याकडे बघितलं, मग कितीतरी वेळ माझ्याकडे. मग वाटी पुढे सरकवली.

“रोहिनी आई, रस दे.”

वाटी भरून सांडेपर्यंत मी वाढत राहिले. डोळे गळायला लागले, ते मी पुसलेसुद्धा नाहीत.

आत्याबाई दारामागेच होत्या. “काय म्हनली?” त्यांनी हळूच विचारलं.

“रोहिणी आई.”

“रोहिनी गळंल हळूहळू,” त्या म्हणाल्या आणि गार पोळीपुढे येऊन बसल्या.

सृष्टी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. “मंग तू कोन?”

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. “मी व्हय?” त्या म्हणाल्या. “मी लंकाबाई.”

“आजी,” मी म्हणाले, आणि माझा आवाज चढलाच. “आजी म्हणायचं. आत्याबाईंना नावाने हाक मारायची नाही, कुणीच नाही.” हे जेवता जेवता चमकून माझ्याकडे बघायला लागले. बघेनात का.

रसाने माखलेल्या तोंडाने पोर म्हणाली, “आजी.”

आत्याबाईंनी घास ताटात ठेवला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला ओ दिली.