पाच मिनिटांची मुदत

माझी आत्या रामाकोन्याला अंगणवाडीत आहे. एका संस्थेच्या प्रशिक्षणासाठी तिला वेबसाइटवर अर्ज भरायचा होता, आणि ती वेबसाइट मीच पांढुर्ण्यात घरी बसून बनवलेली. तिला त्याचं केवढं कौतुक!

आठवडाभर तिचे फोन येत राहिले. "अरे, लिहिता लिहिता पान पुन्हा पयल्या जागी जाऊन राह्यलं." चौथ्या फोनला मी चिडलो. "आत्या, तू भलतंच काही दाबून राह्यली. जरा वाचून भर ना!" "बरं," म्हणून तिनं फोन ठेवला.

रविवारी ती बसनं आलीच, उत्तरं वहीच्या पानावर लिहून घेऊन. माझ्या शेजारी बसून एका बोटानं अक्षरं शोधू लागली. अशक्त लेकरांच्या घरी ती सुट्टीच्या दिवशीही जाते, हे मला त्या दिवशी पडद्यावर वाचून कळलं. तेवढ्यात पान गेलं. तिनं कुठंही चुकीचं दाबलं नव्हतं, मी बघत होतो.

"पाह्यलं? माह्याच हातानं होते."

मी सेटिंगची फाइल उघडली. सगळ्या पानांना लागू होणारे ठरावीक आकडे त्या एकाच फाइलीत होते. अर्ज किती वेळात आला नाही तर सर्व्हरनं माणसाला बाहेर काढायचं? पाच मिनिटं. पुढे माझीच टीप: 'एवढा वेळ पुरतो.' मी स्वतः दोन मिनिटांत भरून पाहिला होता.

आकडा बदलायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"काय झालं होतं रे?"

"सर्व्हर बिघडला होता," मी म्हणालो.

अर्ज गेला. निघताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "पोरगा हुशार आहे व, मीच अडाणी." मी दारात उभा राहून ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटच्या नोंदी पाहिल्या. अर्ध्यावर सोडून गेलेले कितीतरी जण. संस्थेला चूक कळवून अर्जाची शेवटची तारीख वाढवून घेतली. काही परत आले, बरेच आले नाहीत.

आत्याला खरं सांगायला मला पोळा उजाडला. सणाला तिच्या घरी गेलो, तेव्हा सांगितलं.

"मंग तवाच काहून नाही सांगितलं? आता माहे सारे फारम सूनच भरते. मले हात लावाचं भेव वाटते."

"आता भर. मी बसतो शेजारी."

"राहू दे," ती म्हणाली आणि मला वाढायला उठली.